मनगटापासून कापलेला हात

पडद्यावर माझ्या मेलेल्या बायकोचा हात होता.

नुसता हात. मनगटाला कापलेला. फोटोत सात-आठ वर्षांची एक पोरगी तोंड वेडंवाकडं करून रडत होती आणि तिच्या खांद्यावर तो हात. हाताची बाई फोटोच्या बाहेर. खाली इंग्रजीत मोठाल्या अक्षरांत एक ओळ. मी शेजारी बसलेल्या सुनेला विचारलं, काय लिहिलंय. ती कानाशी वाकून म्हणाली, "हिला जवळ घेणारं कोणी नाही."

मी परत बघितलं. अंगठ्याच्या बुडाशी गोंदलेला हिरवा क्रूस. त्याच्या वर भाजल्याचा डाग, चंद्रकोरीसारखा, पातेल्याच्या काठाचा. बेचाळीस वर्षं त्या हातानं मला वाढलं. अंधारात चाचपून ओळखला असता. इथं तर भिंतीएवढा होता.

हॉलमधले लोक चुकचुकले. माझ्या पुढच्या बाईनं डोळे टिपले. जवळ घेणारं कोणी नाही म्हणून रडली, आणि जवळ घेतलेला हात तिच्या डोळ्यांपुढं.

माझ्या मांडीवर एक ॲप्रन होता, घडी केलेला. टीमच्या चौदा माणसांना निळे टी-शर्ट दिले होते, पाठीवर चर्चचं नाव. मी पंधरावा. मला ॲप्रन. देताना नीता मॅडम हसून म्हणाल्या होत्या, "काका, तुम्ही तर आमचे शेफ." नीता मॅडम म्हणजे टीमच्या पुढारी. पुण्याच्या. इथं बँकेत मोठ्या हुद्द्यावर.

हे सिंगापुरात जुरोंग ईस्टला घडलं, एका ऑफिसच्या बिल्डिंगीत, सहाव्या मजल्यावर. रविवारी तिथं चर्च भरतं. त्या वर्षी सिंगापूर स्वतंत्र होऊन पन्नास वर्षं झाली होती. ऑगस्ट संपत आला तरी आमच्या सेम्बावांगच्या बिल्डिंगीला लाल-पांढरे झेंडे तसेच होते. सप्टेंबरात शाळांना आठवड्याची सुट्टी असते. त्या सुट्टीत चर्चची माणसं भारतात मिशन ट्रिपला निघाली होती. अनाथ लेकरांची सेवा करायला. त्यांची पाठवणी होती त्या दिवशी.

ज्या बालगृहात ती जाणार होती ते आमच्या नगरकडचं. आम्ही त्याला बोर्डिंग म्हणायचो. मी तिथं एकतीस वर्षं स्वयंपाकी होतो. माझी सगुणा तिथं आया.

मी तिसरी शिकलेला माणूस. आयुष्यभर चुलीपुढं. लिहायची सवय नाही. पण हे दुसऱ्याकडून लिहून घेणार नाही. एकदा घेतलं, ते पुढं सांगतो.

आमचा पोरगा शमुवेल बोर्डिंगच्या मागच्या खोलीत वाढला. इंजिनिअर झाला. ऑफिसात त्याला सॅम म्हणतात. त्यानं आम्हाला इथं आणलं. दोन वर्षं बरी गेली. मग फेब्रुवारीत एका सकाळी सगुणा भाकरी थापता थापता ओट्यापाशी खाली बसली. मला वाटलं पाय दुखतात. तव्यावरची भाकरी जळाली तरी ती उठली नाही.

ती नेहमी म्हणायची, मला मातीत घाला, माझ्या सासूच्या शेजारी. आमच्यात मातीच देतात. पण इथं कबर पंधरा वर्षांची. मग उकरतात आणि जागा दुसऱ्याला. शमुवेल म्हणाला, दादा, त्यापेक्षा दहन करू, राख गावी नेऊन पुरू. मी मान हलवली. तेव्हा मला डावंउजवं कळत नव्हतं. झाकणाचा एक पांढरा डबा आमच्या हातात दिला.

तो डबा कुठं ठेवला ते सांगतो. इथल्या फ्लॅटात एक बिनखिडकीची खोली असते, जाड लोखंडी दाराची. बॉम्ब पडले तर लपायला. बॉम्ब काही पडत नाहीत, म्हणून सगळे तिथं अडगळ भरतात. आमची पण. बॅगा, मोडका पंखा, नाताळचं प्लॅस्टिकचं झाड. त्यांच्या वरच्या फळीवर सगुणा. सून वाईट बाई नाही. डबा डोळ्यांपुढं असला की तिला घास गिळवत नव्हता, एवढंच. शमुवेलला विचारलं, गावी कधी. नवं प्रोजेक्ट आहे दादा, पुढच्या वर्षी बघू. सहा महिने मी रोज सकाळी त्या लोखंडी दाराशी उभा राहायचो आणि तिला सांगायचो, थोडं थांब. तिला काय, ती थांबलेलीच. मलाच धीर नव्हता. माझा काय भरवसा. मी आधी गेलो तर मलाही त्याच फळीवर ठेवतील.

अशात नीता मॅडम घरी आल्या. त्यांना कळलं होतं की मी त्याच बोर्डिंगचा. त्या म्हणाल्या, काका, चला आमच्याबरोबर, तिकीट चर्च काढेल. तुम्हाला तिथलं स्वयंपाकघर माहीत, भाषा माहीत. फक्त पाठवणीच्या रविवारी स्टेजवर पाच मिनिटं साक्ष द्यायची, म्हणजे बोर्डिंगचा अनुभव सांगायचा. मी विचारलं, मॅडम, माझ्याबरोबर एक डबा असेल, चालेल का. कसला डबा ते सांगितलं. त्या म्हणाल्या, चालेल की.

मी त्यांचा हात धरून रडलो. त्यांच्या वयाच्या दुप्पट मी. पण रडलो.

साक्ष त्यांनीच लिहून पाठवली, छान टपोऱ्या अक्षरात. मी जुळवून जुळवून वाचली. "त्या मुलांना आई नव्हती, वडील नव्हते, मायेचा हात नव्हता. मग तुमच्यासारखी माणसं आली." असं होतं. त्यात सगुणा कुठंच नव्हती. पण मी स्वतःला म्हटलं, चार वाक्यं आहेत. तोंडानं म्हणायची आणि मोकळं व्हायचं. सगुणा मातीत जाते ना. आठ दिवस आंघोळ करताना पाठ केली. हे मी लपवत नाही. मी ते म्हणणार होतो.

फोटो दाखवणार आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता बोर्डिंगचं खरं सांगतो.

तिथं ज्यांचं खरोखर कोणी नाही अशी लेकरं बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सगळ्यांना आई होती. कुणाची रस्त्याच्या कामावर, कुणाची वीटभट्टीवर, कुणाला नवऱ्यानं टाकलेली. घरात खायला नाही, शाळा लांब, म्हणून लेकरू बोर्डिंगात. महिन्याचा पहिला रविवार भेटीचा. त्या दिवशी फाटकाशी लेकरांच्या आया दाटी करायच्या. कुणी पदरात शेंगा आणायची, कुणी गूळ. चिंचेखाली बसून लेकरांच्या डोक्यातल्या उवा काढायच्या. संध्याकाळी जाताना मागं वळून बघायच्या नाहीत. बघितलं तर पाय निघणार नाही म्हणून.

परदेशातून पाहुणे आले की भेटीचा रविवार बंद.

सुपरिटेंडेंट साहेब फाटकाला पाटी लावायचे. भेट बंद. लेकरांना आठवडाभर आधी शिकवून ठेवायचे. आई कुठं आहे विचारलं तर काय सांगायचं. आई नाही, असं सांगायचं. पाहुणे आठ दिवस राहायचे. लेकरांना मांडीवर घ्यायचे, फुगे फुगवायचे, भिंतीला रंग द्यायचे. मागच्या वर्षीचा रंग चांगला असायचा, त्याच्यावरच. शेवटच्या दिवशी स्वतः जेवण वाढायचे. मी पहाटे चारला उठून वरण-भात शिजवायचो आणि पंगत बसली की पाहुणे माझ्या हातातली पळी काढून घ्यायचे. मग साहेब मला खुणेनं सांगायचे, आत जा. मी कोठीत धान्याच्या पोत्यावर बसायचो. बाहेर फोटो निघायचे. फोटोत पळी असायची, मी नसायचो.

पाहुणे गेले की लेकरं फाटकाशी उभी राहायची. गोऱ्या ताई परत कधी येणार म्हणून विचारायची. अंथरुणं ओली करायची. सगुणा महिनाभर गोधड्या धुवायची. प्रेम आठ दिवसांचं, धुणं महिन्याचं.

त्या फोटोतल्या पोरीचं नाव कल्पना. तिची आई वीटभट्टीवर. बाप सोडून गेलेला. आई दर पहिल्या रविवारी दोन बस बदलून यायची. त्या रविवारीही आली. पाहुणे आले होते, फाटकाला पाटी होती, पण तिला वाचता येत नव्हतं. ती पाटीखालीच उभी राहिली, पदरात उकडलेल्या शेंगा घेऊन.

साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, जा, त्या बाईला घालवून दे, पाहुण्यांना दिसेल.

मी गेलो. ती म्हणाली, "दादा, नुसती लांबून बघते. बोलत न्हाई."

मी म्हटलं, पुढच्या महिन्यात ये. आणि फाटक लावलं. कडी घातली. शेंगा घेऊन आत द्यायच्या, एवढंही मला सुचलं नाही. नोकरी जाईल ही एकच भीती डोक्यात. बायको-पोरगा घेऊन मागच्या खोलीत राहायचो. जाणार कुठं.

कल्पनानं व्हरांड्यातून आईला बघितलं. जाताना बघितलं. तिनं जी किंकाळी फोडली ती अजून माझ्या कानात आहे. सगुणा धावली, तिला पोटाशी धरलं. तेवढ्यात एक पाहुणा कॅमेरा घेऊन गुडघ्यावर बसला. सगुणाला हातानं इशारा केला. माशी वारावी तसा. बाजूला हो. सगुणा बाजूला झाली. पण पोरगी तिचा हात सोडेना. म्हणून हात राहिला.

तोच हा फोटो. त्या पोरीचे अश्रू मी काढलेले. ते पुसणारा हात सगुणाचा. आणि आमच्या दोघांच्या वर इंग्रजीत लिहिलेलं, हिचं कोणी नाही.

त्या संध्याकाळी सगुणानं मला ताट वाढलं आणि समोर बसली. म्हणाली, "त्या लेकराला आई व्हती. आज तुमी तिला अनाथ केली." मी म्हटलं, नोकरी आहे. ती म्हणाली, "नोकरी माझीबी हाय." मग तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली, पण त्या गोष्टीवर पुन्हा कधीच नाही. मला वाटलं विसरली. बायका विसरत नाहीत. आपल्याला बरं वाटावं म्हणून आपणच तसं धरून चालतो.

स्टेजवर माझं नाव पुकारलं. शमुवेल दुसरा माईक घेऊन माझ्या शेजारी उभा राहिला. मी मराठीत बोलणार, तो इंग्रजीत सांगणार, असं ठरलेलं. कागद माझ्या हातात. फोटो मागं तसाच. मी वळून बघितलं. इतक्या जवळून तो हात माझ्यापेक्षा उंच होता.

शमुवेलनंही बघितलं. त्यानं ओळखला. आईचा हात पोरगा ओळखणार नाही का. पण लगेच मान खाली घातली आणि म्हणाला, दादा, वाचा.

मी कागद उघडला. पहिलं वाक्य तोंडात आलं. त्या मुलांना आई नव्हती.  मला फळीवरचा डबा दिसत होता. वाच, म्हणजे ती घरी जाईल. पण वाचलं तर कोण घरी जाणार? जिचा मायेचा हात नव्हताच असं मी चारशे लोकांपुढं म्हणणार, तीच ना? तिला मातीत घालायला निघालो होतो आणि आधी तिच्यावर ही माती टाकणार होतो.

मी कागदाची घडी केली. म्हटलं, "हा हात माझ्या बायकोचा आहे. सगुणाचा. आणि या पोरीला आई आहे. ती फाटकाशी आली होती. मी फाटक लावलं."

हॉल शमुवेलकडं बघत होता. त्यानं माईक वर उचलला. मग इंग्रजीत बोलला. एकच वाक्य. मला इंग्रजी येत नाही, पण देवाचे आभार मानतात ते दोन शब्द एकतीस वर्षं ऐकलेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नीता मॅडमनी छातीवर हात ठेवला.

माझ्या पोरानं माझं बोलणं पुसलं. आईला तर आधीच पुसलेलं होतं.

पाहुण्यांना इतकी वर्षं वाढून वाढून मला स्वयंपाकघरापुरतं इंग्रजी येतं. गरम, पाणी, संपलं, दार. तेवढ्याच शब्दांवर मी माईक तोंडाशी धरला. फोटोकडं बोट केलं.

"नो. माय वाईफ हँड. गर्ल मदर कम. मदर नॉट डेड. आय क्लोज गेट."

टाळ्या थांबल्या.  मी ॲप्रन पास्टरच्या लाकडी टेबलावर ठेवला आणि खाली उतरलो.  शौर्य वगैरे काही नव्हतं. मला एवढंच कळत होतं की माझं तिकीट गेलं, आणि ती आता त्या फळीवरच राहणार.

लिफ्टपाशी नीता मॅडमनी गाठलं. आवाज चढवला नाही. शिकलेली माणसं चढवत नाहीत. म्हणाल्या, "काका, नुकसान तुमचं नाही झालं. त्या मुलांचं झालं. आता त्यांना मदत कोण करेल?"

हे खोटं नव्हतं. लेकरांच्या ताटातला भात कुठून येतो ते मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे. मीच शिजवलाय तो.  मी म्हटलं, "भात द्या मॅडम. पण भातासाठी लेकरांच्या तोंडून आई मेली म्हणून वदवून घेऊ नका. तेवढ्याच पैशात आईला बसचं तिकीट पण येतं."

त्या म्हणाल्या, तुम्हाला दुःखामुळं काही सुचत नाहीये. लिफ्ट आली. मी बसलो नाही. सहा मजले जिन्यानं उतरलो.

घरी येताना शमुवेल माझ्या शेजारी बसला. सून समोर. जुरोंग ईस्टपासून सेम्बावांगपर्यंत एकच गाडी, बदलायची नाही.  माझ्या मनात होतं की हा आता म्हणेल, तुम्ही मला तोंडघशी पाडलं. आणि मी म्हणणार होतो, तू आईला विकलंस. शब्द तयार ठेवले होते.

तो खिडकीकडं बघत म्हणाला, "दादा, मला पण उभं केलं होतं त्या रांगेत."

मला कळलं नाही. म्हटलं, कुठल्या.

"फोटोच्या. मी सात वर्षांचा. दोन पोरं तापानं आजारी होती, रांग कमी पडत होती. साहेब म्हणाले, तू पण ये. एका बाईनं विचारलं, आई कुठं आहे. मी म्हटलं, नाही. आई दारातच उभी होती. बादली घेऊन."

मी विचारलं, मी कुठं होतो.

"कोठीत," तो म्हणाला.

पोत्यावर. तिकडं माझ्या पोराला अनाथ करत होते आणि मी धान्याच्या पोत्यावर बसलो होतो, कारण मला आत जा सांगितलं होतं. सगुणानं मला हे कधी सांगितलं नाही. सांगून काय उपयोग, मी काय करणार होतो. हे तिला माहीत होतं. एवढा भरवसा तिला माझ्यावर होता.

तयार ठेवलेले शब्द मी गिळले. त्याला बोलायचा मला हक्क नव्हता. त्याला सातव्या वर्षी जे शिकवलं तेच त्यानं केलं, आणि शिकवणाऱ्यांना मी रोज जेवू घातलं.

चौदा जण गेले. आठ दिवसांनी आले. बोर्डिंगच्या भिंतीला पिवळा रंग दिला म्हणे. तो फोटो आता दाखवत नाहीत. बदलला. सून सांगत होती, नव्या फोटोत एक मुलगा एकटाच पायरीवर बसलाय. आता हातसुद्धा नाही.

त्या रविवारी घरी आल्या आल्या मी लोखंडी दार उघडलं. नाताळचं झाड बाजूला केलं. सगुणाला खाली काढलं, डब्यावरची धूळ माझ्या सदऱ्यानं पुसली आणि तिला जेवायच्या टेबलावर माझ्या शेजारच्या खुर्चीपुढं ठेवलं. सुनेला म्हटलं, घास गिळवत नसेल तर मला वेगळं वाढ, पण ही आता आत जाणार नाही.  दुसऱ्या दिवशी बघितलं तर डब्याखाली तिनं धुतलेलं फडकं घातलं होतं.

शमुवेल अजून म्हणतो, बघू. मी म्हटलं, बघू नको. माझा पासपोर्ट दे. शेवटी मीच तो कपाटातून काढून माझ्या उशाखाली ठेवलाय. चर्चनं नेलं नाही तर मी जाईन. पोरानं नेलं नाही तरी जाईन. कसं ते माहीत नाही. जाईन.

आधी सगुणाला मातीत घालीन, माझ्या आईच्या शेजारी. मग वीटभट्टीवर जाईन. कल्पनाची आई तिथं नसेल तर पुढच्या भट्टीवर. विचारत जाईन. सापडली की तिच्या पुढं उभा राहीन आणि सांगेन, बाई, ती पाटी तुला वाचता येत नव्हती. मला येत होती. फाटक साहेबानं लावलं नाही, पाहुण्यांनी लावलं नाही. मी लावलं.

ती पायताण काढेल. काढू दे. मी हात आडवा घालणार नाही.